नळाचा पाऊस

माझा धंदा वस्तूंचे फोटो काढायचा. छत्र्या, बूट, थर्मास, टॉर्च असं दुकानांच्या माहितीपत्रकांत जे जे चकचकीत दिसतं, ते सगळं. माणसांच्या वाटेला मी सहसा जात नाही. वस्तू बऱ्या. त्या ऐन वेळी डोळे मिटत नाहीत, आणि फोटो बघून 'मी एवढी जाड आहे का गं?' असं विचारत नाहीत.

स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. तिथल्या टेबलावर मला हवं ते हवामान करता येतं. पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारलं की थेंब ओघळत नाहीत, जिथल्या तिथे टपोरे बसून राहतात. साबणाचा कीस चाळणीतून पाडला की बर्फ. केटलीची वाफ पुठ्ठ्याने हलकेच सारली की धुकं. पाऊस मात्र हट्टी. समोरून कितीही दिवे लावा, कॅमेऱ्याला तो दिसत नाही. मागे काळा पडदा हवा, आणि उजेड पाठीमागून, तिरका यायला हवा. मग एकेक धार सुटी दिसते.

हे सगळं मुंगीला तोंडपाठ होतं. मुंगी म्हणजे माझी भाची. डब्यातली साखर कुठेही लपवली तरी शोधून काढते, म्हणून दादाने तिला ते नाव ठेवलं होतं. आमची दोन घरं एकाच अंगणात. एकात मी, समोरच्यात दादा, वहिनी आणि मुंगी. शाळा सुटली की ती माझ्या टेबलापाशी येऊन बसायची आणि छत्रीवर पाऊस पडताना बघायची.

दादा वीज खात्यात लाइनमन होता. उन्हाळ्याच्या शेवटी मोठं वादळ झालं, त्यात दवाखान्याकडे जाणारी तार तुटली. दादा आणि त्याचा जोडीदार निघाले. जोडीदाराला सगळे लंबू म्हणायचे. खांबावर चढताना मधला आडवा बार ओलांडायचा असला, की कमरेचा पट्टा क्षणभर सोडावा लागतो. पट्टा सोडून परत अडकवायचा, एवढंच. दादाने तो हजारदा सोडला असेल आणि हजारदा अडकवला असेल. त्या दिवशी तो पडला.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा लंबू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता, नखशिखांत भिजलेला. वहिनीने त्याला काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं. मी मुंगीला घेऊन लांब उभी होते. मला ऐकू आलं नाही.

नंतरचे दिवस सगळ्यांकडे जातात तसेच गेले. माणसं आली, बसली, उठली. वहिनी शिवणकाम करते, शाळेची दप्तरं आणि दुकानांची ताडपत्री छपरं. ती पुन्हा मशीनवर बसली. जेवायची, झोपायची, मुंगीची वेणी घालायची. पण आत काहीतरी कुलूप घातल्यासारखं झालं होतं. एक गोष्ट मला खटकायची. ती फोन करेनाशी झाली. आलेला घ्यायची, पण स्वतः कुणाला लावायची नाही. दप्तरांचं कापड संपलं तरी माझ्याकडे यायची. "वन्सं, तेवढा कापडवाल्याला फोन लाव ना." मला ती वन्सं म्हणते ते चिडवायला, एरवी आम्ही मैत्रिणीच. मी म्हणायचे, "अगं, तुझ्या हातात फोन आहे की!" तर म्हणायची, "तूच लाव. तुझं ऐकतात ते."

मग खात्याच्या ऑफिसातून साहेबांचा निरोप आला. कामावर असताना गेलेल्या माणसांचे फोटो ते तिथल्या भिंतीवर लावतात. दादाचाही लावायचा होता. कामावरचा असेल तर उत्तम.

आम्ही घरातले जुने फोटो काढून बसलो. ओळखपत्राचा एक, गुन्हेगारासारखा. लग्नातले, ज्यांत तो कुणाच्या तरी खांद्यामागे आहे. बाकी माझ्या कॅमेऱ्यातले; पण मी कॅमेरा उचलला की दादा जीभ काढायचा किंवा डोळे तिरळे करायचा. कामावरचा एकही नव्हता. खांबावर चढलेल्या माणसाचा फोटो काढायला खाली कुणाला सवड असते?

मुंगी सगळे फोटो बघत होती. म्हणाली, "बाबा असे नव्हतेच दिसत. ते पावसाचा कोट घालून निघायचे तेव्हा दिसायचे तसा पाहिजे."

"तसा नाहीये बाळा."

"मग काढ ना, आत्या. तू छत्रीला पाऊस देतेस. बाबांना दे की."

मशीनचा आवाज थांबला. वहिनीने दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"ज्या पावसाने माणूस नेला," ती म्हणाली, "त्याला आता नळाला पाइप लावून घरी बोलवायचं का?"

मी फोटो गोळा केले. मुंगीचा चेहरा एवढासा झाला.

पण मुंगी म्हणजे मुंगीच. ती विषय सोडेना. रोज काहीतरी विचारायची. मोठ्या पावसाला किती मोठी भोकं लागतील, वारा कसा करायचा, वीज चमकली असं दाखवता येतं का. शेवटी एका सकाळी वहिनीच माझ्या दारात आली. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी. त्यात दादाचा कोट, हेल्मेट आणि पट्टा. अंगावरचा कोट दवाखान्यात कापला होता. हा खात्यातून मिळालेला दुसरा, खुंटीवर असायचा तो.

"करा काय करायचं ते," ती म्हणाली. "ती रात्रंदिवस तेच घेऊन बसलीय. पण मी बघायला येणार नाही." जाता जाता थांबली. "आणि हे बघ, पंखा दाराच्या आतच राहील. वायर उंबऱ्याबाहेर येता कामा नये. दिवे बॅटरीवरचे घे. पाण्याच्या आसपास वीज आणलीस तर याद राख."

शब्द तिचे, पण आवाज थेट दादाचा. आम्हा दोघींनाही ते कळलं, आणि दोघींनीही न कळल्यासारखं केलं.

रविवारी संध्याकाळी उजेड उतरायला लागल्यावर आम्ही मांडामांड केली. बागेच्या पाइपला तापवलेल्या सुईने भोकं पाडली आणि तो कपडे वाळत घालायच्या दोन खांबांमध्ये उंच ताणून बांधला. पहिल्यांदा पाणी सोडलं तर न्हाणीघरातल्या शॉवरसारखं दिसलं, अगदी शहाण्यासारखं सरळ रेषेत. मग काही भोकं मोठी केली, काही वाकडी. दाराच्या आतून मोठा पंखा सोडला, तसा पाऊस तिरपा झाला आणि सपासप भिंतीवर आपटायला लागला. भिंतीला वहिनीचीच काळी ताडपत्री, तिच्यापुढे शिडी. दिवे दोन्ही बाजूंना, शिडीच्या मागून.

आता माणूस हवा. मी लंबूला विचारलं होतं, तर तो "मला जमणार नाही, ताई" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. दादा गेल्यापासून तो आमच्या अंगणात फिरकला नव्हता. मी कोट झाडूच्या दांड्यावर चढवला, वर हेल्मेट ठेवलं आणि शिडीला टेकवला. कणसं राखायला उभं केलेलं बुजगावणंच ते! हेल्मेट एका बाजूला कललं आणि धपकन खाली आलं. मुंगी खदखदून हसली. किती दिवसांनी! मग एकदम तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायला लागली. खिडकीचा पडदा हलला.

मग मी स्वतः कोट घातला आणि कॅमेरा मुंगीच्या हाती दिला. मी बुटकी. कोट घोट्यांपर्यंत. शिडीवर दोन पायऱ्या चढून मी पाठमोरी उभी राहिले, हात वर केला.

मागे दार आपटलं.

"तसा नाही!" वहिनी अंगणात आली होती. "हा काय उभं राहायचा प्रकार? फळी झाडतेयस का? तो एका पायावर उभा राहायचा. डावा गुडघा वाकवून, असा टेकवून. आणि मान वर नाही ताणायचा, खांदा वर न्यायचा." ती बोलता बोलता करून दाखवत होती. मग थांबली. "उतर खाली. दे इकडे."

वहिनी उंच आहे. कोट तिला जवळजवळ बसला. हेल्मेटखाली केस कोंबले, कोटाची टोपी वर ओढली, पट्टा कमरेला आवळला, आणि ती शिडी चढून एका पायावर भार देऊन उभी राहिली. मी मुंगीकडून कॅमेरा परत घेतला, पण तो क्षणभर वर जाईना. मुंगी माझ्या कमरेला बिलगली.

मी पाणी सोडलं.

फोटो मी काढत गेले. मागून येणाऱ्या उजेडात पाऊस असा दिसत होता की मलाही गार वाटायला लागलं. खांद्यावर थेंब फुटून बारीक धूर उठत होता. उजवा हात शिडीला घट्ट. पण डावा सारखा हलत होता.

"वहिनी, डावा हात खाली," मी म्हणाले.

हात पुन्हा वर गेला.

"वहिनी! हात खाली ठेव!"

काही नाही. मी ओरडले. चार हातांवर उभी होते मी, आणि ती ढिम्म. शेवटी मुंगी पाण्यात पळत गेली आणि तिने आईचा पाय ओढला, तेव्हा ती दचकून वळली.

नळ बंद केला. मुंगीला कोरडे कपडे घालायला घरात पिटाळलं. वहिनी हेल्मेट काढून माझ्या शेजारी आली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायला लागली. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते.

"हे बघ. इथे हात गळ्याशी. इथेही. इथे तर छातीवरच. मी ओरडून ओरडून सांगत होते…"

"मी नाही नेला."

"अगं, दिसतोय की."

"मी हात हलवलाच नाही, वन्सं." तिने माझ्या हातातून कॅमेरा घेतला. फोटो मागे नेले, पुढे नेले. "हा हात मी केव्हा नेला?"

ती पायरीवर बसली. अंगातून पाणी निथळत होतं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी लंबू भाऊजींनी मला काय सांगितलं, ठाऊक आहे?"

"नाही."

"म्हणाले, पट्टा सोडलेला होता. त्याने एक हातही सोडला, छातीकडे नेला, आणि गेला." तिने पडद्यावरच्या हातावर बोट ठेवलं. "छातीकडे, वन्सं. आतल्या खिशात फोन असायचा त्याचा."

मला अजून कळलं नव्हतं.

"मी फोन केला होता गं. घरातली वीज गेली. मुंगी घाबरली. टॉर्च सापडेना. मी त्याला फोन लावला. टॉर्च कुठे ठेवलास, एवढं विचारायला! तो उचलेना, म्हणून परत लावला. चिडून लावला." तिने ओल्या बाहीने तोंड पुसलं, पण बाहीच ओली, त्याने काय होणार? "टॉर्च कुठं होता माहितेय? माझ्याच मशीनच्या खणात."

एवढे दिवस ही बाई हे घेऊन दप्तरं शिवत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कोट गार होता, रबरी, जाड. 'तुझ्यामुळे काही झालं नाही' असं म्हणणं सोपं होतं. पण तिला ते पटलं नसतं, आणि मला तरी कुठे माहीत होतं?

तीच उठली.

"परत पाणी सोड."

"वहिनी, कुडकुडतेयस तू."

"सोड म्हणते ना." ती घरात गेली, फोन घेऊन आली, आवाज पूर्ण मोठा केला आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकला. हेल्मेट चढवलं, टोपी ओढली. "मी वर गेले की थांब जरा. मग लाव. केव्हा लावतेस ते मला कळू देऊ नकोस."

ती शिडीवर चढली. तोंड भिंतीकडे. मी नळ पूर्ण सोडला, पंखा शेवटच्या आकड्यावर नेला. ताडपत्री फडफडायला लागली. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग तिचा नंबर लावला.

माझ्या कानात घंटी वाजत होती. समोर ती पाठमोरी, गुडघा वाकवून. पाणी कोटावर ताशासारखं वाजत होतं. तिचा डावा हात वर गेला, गळ्याशी घुटमळला, खाली आला. ते फोनमुळे नव्हतं, घंटी केव्हाचीच वाजत होती. ती वाजत वाजत थांबली. मी पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजू दिला. तिने मान वळवली नाही.

मी नळ बंद केला. पंखा बंद केला. एकदम शांत झालं. नुसते थेंब पडत होते.

तिने वळून विचारलं, "लावतेयस ना? की विसरलीस?"

"दोनदा लावला."

मग तिने खिशातून फोन काढला आणि बघितला. माझे दोन्ही फोन त्यावर होते.

"थरथरसुद्धा नाही कळली?"

"अख्खं अंगच थरथरत होतं," ती म्हणाली. "पाण्याने."

मी तिला हात देऊन खाली घेतलं. आम्ही पायरीवर बसलो. ती फोन हातात फिरवत राहिली.

"म्हणजे त्याला कळलंच नसेल, असं नाही म्हणता येणार," ती म्हणाली. तिला स्वतःला फसवायचं नव्हतं.

"नाही म्हणता येणार."

"पण कळलं असेलच, असंही नाही."

"नाही."

"हात मानेला गेला होता माझा. पाणी कॉलरमधून आत घुसतं गं, थेट पाठीत. बर्फासारखं. आपोआप जातो हात." तिने कोटाच्या गळ्याचं बटण चाचपलं. "हे बटण मी लावून दिलं होतं. दोन्ही कोटांना. नीट शिवून दिलं होतं. आवळतं म्हणायचा. कधी म्हणजे कधी लावलं नाही मेल्याने!"

आणि मग ती रडली. मयताच्या दिवशी रडली होती तशी नाही. भांडताना बायका रडतात तशी, रागाने, नाक ओढत, त्याला नावं ठेवत. मुंगी कोरडा फ्रॉक घालून दारात आली, आईला बघून थबकली. वहिनीने एक हात पुढे केला. मुंगी येऊन त्या ओल्या कोटात शिरली, आणि कोरडा फ्रॉक पुन्हा भिजला.

दुसऱ्या दिवशी मी फोटो मोठा करून टेबलावर ठेवला. खरंच सुंदर आला होता. हात शिडीवर, गुडघा वाकलेला, पावसाच्या धारा चांदीच्या. ऑफिसात लावला असता तर कुणालाही शंका आली नसती. मुंगीने तो दोन्ही हातांत धरून नीट बघितला.

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली. "ही आई आहे."

"पाठमोरी आहे की. कसं ओळखलंस?"

"आईच आहे," ती म्हणाली. पण फोटो तिने सोडला नाही. तो आता तिच्या पलंगाशेजारी आहे. ऑफिसात द्यायला वहिनीने ओळखपत्राचाच फोटो काढून ठेवला. "कसा का असेना, तो तो आहे," म्हणाली. मी त्यातल्या सुरकुत्या आणि शिक्क्याचा डाग तेवढा काढला.

फोटो न्यायला कुणाला तरी पाठवा, असं साहेबांना सांगायचं होतं. वहिनीने माझ्याकडे बघितलंही नाही. स्वतः फोन उचलला, पण साहेबांना नाही, लंबूला लावला. "भाऊजी, फोटो न्यायला तुम्हीच या. आणि चहाला थांबायचं, लगेच पळायचं नाही."

तो आला. दारात वाकून. त्याला सगळ्याच दारांत वाकावं लागतं. खुर्चीच्या कडेवर बसला. वहिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि उभ्यानेच त्याला सगळं सांगितलं. फोनचं, टॉर्चचं, अंगणातल्या पाण्याचं. त्याने कप उचललाच नाही.

"मी ते हाताचं सांगायला नको होतं," तो म्हणाला. "तोंडातून गेलं. तेव्हापासून तोंड दाखवायची लाज वाटत होती. मी खाली होतो, वहिनी. पावसातून वर बघताना डोळे उघडे राहत नाहीत. मला जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. तो हात कशाला नेला, ते मला नाही माहीत."

"मलाही नाही," वहिनी म्हणाली. "चहा गार होतोय."

त्याने चहा घेतला. मुंगी त्याच्या गुडघ्याला टेकून उभी होती. तिने विचारलं, "काका, बाबा वर गेल्यावर काय करायचे?"

"काम करायचे."

"नुसतं काम?"

लंबूने वहिनीकडे बघितलं, मग मुंगीकडे. "गायचे."

"खोटं!" वहिनी म्हणाली. "घरात कधी ओळ गुणगुणली नाही त्याने."

"आईशप्पथ, वहिनी. चढला की सुरू. आम्ही खाली दोर धरून उभे असायचो ना, तर त्याचं तोंड हलताना दिसायचं. मान डोलवायचा वरती."

"कुठलं गाणं?" मुंगीने विचारलं.

"ते काय ऐकू येतंय खाली!" लंबू म्हणाला. "वाऱ्यात सगळं उडून जायचं. आम्हाला नुसतं तोंड दिसायचं."

मुंगीने वर बघितलं, छताकडे, आणि ओठ हलवून बघितले, आवाज न काढता. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने लंबूचा रिकामा कप उचलला आणि न विचारताच पुन्हा भरून आणला.